खिडकीखालचा तिसरा

धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका गावात एक मुलगी राहायची, आणि एका सकाळी तिच्या फोनवर दोनच्या जागी तीनचा आकडा दिसला.

मुलीचं नाव केतकी. गोष्ट म्हटली तर एवढीशीच होती. पण केतकीला एवढंसं पुरायचं. ती बी.ए. झाली होती आणि शहरातल्या एका प्रकाशनासाठी घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हेच काम. एखाद्या पानावर अनुस्वार राहून गेला की तिच्या छातीत धस्स व्हायचं. भांडं पडलं की दचकायची. पाल चुकचुकली की दचकायची. दाराची कडी वाजली की आधी दचकायची आणि मग विचारायची, "कोण?" कधी कधी तर विचारायचीच नाही. नुसती गप्प बसून राहायची, कडी वाजवणारा कंटाळून जाईपर्यंत.

त्या गावात फोनला रेंज नव्हती. टॉवर होता तो पाण्यापलीकडच्या डोंगरावर, आणि त्याची नजर गावात एकाच जागी पोचायची: केतकीच्या घराच्या माडीवरच्या खिडकीत. म्हणून तिचा फोन दिवसभर त्या खिडकीच्या कट्ट्यावर, एका उलट्या तांब्यावर बसलेला असायचा. तिथून बोटभर हलवला तरी रेंज जायची. त्या फोनचं नेट घरातली दोन यंत्रं वापरायची. एक केतकीचा लॅपटॉप आणि दुसरा आईचा मोबाइल. दोनच.

आदल्या रात्री फोनने आपणहून काहीतरी नवं रूप घेतलं होतं आणि आता नेट किती जणांना जोडलंय, तो आकडा तो वरच दाखवू लागला होता. सकाळी आठ वाजता केतकीने सहज पाहिलं. तीन.

तिने यादी उघडली. लॅपटॉप. आईचा मोबाइल. आणि तिसऱ्या ओळीत नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे, एकाला एक चिकटलेले, कशाचाही अर्थ नसलेले. मुद्रितात असं काही सापडलं असतं तर तिने त्यावर लाल गोल केला असता. इथे गोल कशाने करणार? ती नुसती बघत राहिली. आणि तिच्या डोळ्यांदेखत, आठ वाजून दहा मिनिटांनी, तीनचे दोन झाले.

गेला. म्हणजे होता!

दुसऱ्या दिवशी ती आठच्या आधीच खिडकीशी जाऊन बसली. आठ वाजले. तीन. तीच अर्थ नसलेली ओळ. केतकी पडद्याआडून खाली वाकून बघू लागली.

खाली धक्का होता आणि धक्क्याला होडी. होडी धाकलूमामाची. धाकलूमामा हा साठीचा नावाडी, रोज सकाळी बायामाणसांना पैलतीरावर नेऊन सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. तो आला, वाकून पाण्याला हात लावला, ओला हात डोळ्यांना लावला. इथपर्यंत ठीक. मग तो चालत केतकीच्या खिडकीखाली आला, भिंतीशी उभा राहिला आणि मान खाली घालून तसाच राहिला. वरून केतकीला त्याची नुसती टोपी दिसत होती. एक मिनिट. दोन मिनिटं. मग त्याने मान वर केली आणि सरळ खिडकीकडे पाहिलं.

केतकी पडद्यामागे इतकी जोरात मागे सरली की लॅपटॉपची वायर निघाली.

हा माणूस रोज असा उभा राहतो? आणि माझ्याच खिडकीखाली? आता तिला आठवायला लागलं, की हो, राहतो. ती इतके दिवस त्याच्याकडे झाडाकडे बघावं तसं बघत होती. वर्तमानपत्रात वाचलेलं सगळं एकदम तिच्या डोक्यात गोळा झालं. कुणीतरी नेटमधून शिरतो, फोटो नेतो, पत्रं वाचतो, आपल्या नावाने भलतंच करतो. तपासायला आलेली आख्खी पुस्तकं तिच्या लॅपटॉपमध्ये होती.

आता तुम्ही म्हणाल, खाली स्वयंपाकघरात आई होती, तिला विचारायचं. विचारायचंच होतं. जिन्याच्या तीन पायऱ्या केतकी उतरलीही. पण महिन्यापूर्वीच तिने कौलांवर चोर आहे म्हणून आळी गोळा केली होती आणि कौलांवरून शेजाऱ्यांचा बोका उतरला होता. तेव्हा लोक गेल्यावर आई म्हणाली होती, "केतके, आता परत असलं काही घेऊन माझ्याकडे येशील ना, तर त्या बोक्यालाच विचार आधी." आई हसत म्हणाली होती. केतकीला ते हसणं लागलं होतं. ती तिसऱ्या पायरीवरूनच परत वर आली.

खालून आईचा आवाज येत होता. कुंपणापाशी कुणीतरी वाटी घेऊन उभं होतं आणि आई त्यात विरजण घालत होती. आईचं ते रोजचंच होतं. अर्ध्या गावाचं दही तिच्या विरजणाने लागायचं. "अगो आक्का, किती वाटतेस!" असं कुणी म्हटलं की आईचं उत्तर ठरलेलं, "चमचाभर दिल्याने माझं काय पातळ होतंय?"

तिसऱ्या दिवशी पहाटेच केतकीने पासवर्ड बदलला. जुना सोपा होता, आईचं नाव आणि एक-दोन-तीन. नवा तिने असा केला की तिलाही तो कागदावर लिहून ठेवावा लागला. आकडा शून्यावर आला. मग तिने लॅपटॉप जोडला. एक. कसं शांत वाटलं! आईच्या मोबाइलमध्ये नवा पासवर्ड टाकायचा होता, पण आईने विचारलं असतं, का बदललास? म्हणून ते तिने नंतरवर ठेवलं.

त्या दिवशी आईला पैलतीरावर जायचं होतं. मावशीकडे पापड लाटायचे होते. गावातल्या सात बायका आपापली पोळपाट-लाटणी घेऊन आठच्या आधीच होडीत जाऊन बसल्या होत्या. आई आठवी. निघताना आईने मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि तो तिथेच ठेवला. पाण्यात पडेल म्हणून ती तो कधीच होडीत नेत नसे.

आठ वाजले. धाकलूमामाने पाण्याला हात लावला, डोळ्यांना लावला, खिडकीखाली आला, मान खाली घालून उभा राहिला.

केतकीने आकडा पाहिला. एकच.

म्हणजे हाच तो!

धाकलूमामा बराच वेळ उभा होता. मग त्याने हात उंच केला. हातात फोन होता. तो फोन त्याने इकडे धरला, तिकडे धरला, भिंतीला लावल्यासारखा धरला. दोन पावलं पुढे, दोन मागे. आणि मग त्याने वर तोंड करून हाक मारली.

"केतकी! ए केतकी!"

केतकी खिडकीच्या कट्ट्याखाली भिंतीला पाठ लावून बसली. गुडघे छातीशी घेतले, तोंडावर हात धरला.

"केतकी, आहेस का गं?"

ती आहे, हे तिच्या काळजाच्या ठोक्यांवरूनच त्याला कळेल असं तिला वाटत होतं.

खाली होडीतून आईचा आवाज आला. "अरे धाकलू, खिडकीची पूजा झाली असली तर चल बाबा! तिकडे बहिणीने पीठ भिजवून ठेवलंय!"

"वाळायला ऊन उरू दे रे आम्हाला," दुसरी कुणी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

धाकलूमामाने आभाळाकडे पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पान हलत नव्हतं. त्याने फोन खिशात टाकला, दोर सोडला, आणि होडीच्या मशीनचा फटफट आवाज हळूहळू लांब गेला. सवाआठ झाले होते. पैलतीर तासाभराचा.

केतकी उठली. खिडकीतून होडी दिसत होती, तळहाताएवढी. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं. तिने चहा केला आणि न पिता ठेवला. एका ओळीवर तीनदा नजर फिरवली आणि तिसऱ्यांदाही तिला त्या ओळीत काय लिहिलंय ते कळलं नाही. शेवटी काहीतरी करायचं म्हणून ती स्वयंपाकघरातून आईचा मोबाइल वर घेऊन आली आणि त्यात नवा पासवर्ड टाकला. तेव्हा पावणेनऊ वाजत होते.

मोबाइल जोडला गेला आणि टिंग झालं. मग टिंग. मग टिंग, टिंग, टिंग.

होडीवाल्यांचा एक ग्रुप होता. धरणाच्या कचेरीतून रोज आठ वाजता त्यावर एक निरोप यायचा: वारा कसा आहे, पाणी सोडणार का, होडी काढायची की नाही. आईचं घर धक्क्याला लागून, म्हणून तिलाही त्यात घेतलेलं होतं. केतकीला हे ठाऊकच नव्हतं. आजचा निरोप आठ वाजून दोन मिनिटांचा होता: "सकाळी नऊनंतर जोराचे वारे. आज एकही होडी सोडू नये."

त्याखाली एकेक शब्दाची उत्तरं होती. निरोप वाचला की प्रत्येक नावाड्याने "मिळाला" असं लिहायचं, अशी त्यांची रीत होती. मिळाला. मिळाला. मिळाला. मिळाला. पाण्यावर होड्या पाच. मिळाला चारच.

केतकीने बोट वर सरकवलं. काल आठ वाजून चार मिनिटं, धाकलू: मिळाला. परवा आठ वाजून पाच मिनिटं, धाकलू: मिळाला. त्याच्या आधी, त्याच्याही आधी, एकही दिवस चुकला नव्हता. आठ ते आठ-दहा. मान खाली घालून.

तो निरोप वाचत असायचा.

आणि मग तिला ते आठवलं. थंडीचे दिवस होते. ती याच खिडकीत मुद्रितं घेऊन बसली होती. अंगणातून आई ओरडली होती, "केतके, धाकलूच्या फोनात बोलण्यापुरतेच पैसे असतात, नेट नाही. माकडासारखा नाचतोय बघ धक्क्यावर. देऊ का तुझा तो पासवर्ड?" आणि तिने मान वर न करता म्हटलं होतं, "हं, दे."

हं, दे. तिनेच.

खिडकीचा पडदा हलला. इतक्या वेळात पहिल्यांदाच हलला.

तिने आपल्या फोनवरून, नेटवरूनच, आईला फोन लावला आणि हातातला आईचा मोबाइल एकदम वाजू लागला. ती किंचाळली. मोबाइल खाली पडला, वाजत राहिला. तिने तो उचलला आणि रडू आवरत त्यात धाकलूमामाचा नंबर शोधला. "धाकलू होडी" म्हणून होता. तिचा फोन खिडकीच्या कट्ट्यावरून हलवता येत नव्हता. ती गुडघ्यांवर बसली आणि तांब्याला कान लावल्यासारखी वाकली.

"आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

पुन्हा लावला. तीच बाई, तोच शांत आवाज. पुन्हा लावला.

होडी आता चण्याएवढी झाली होती. पाण्याचा रंग पश्चिमेकडून बदलत येत होता, कुणीतरी काळी चादर ओढत आणावी तसा. त्या चण्यात आई होती. त्या चण्यात आठ बायका होत्या, मांडीवर पोळपाट घेऊन बसलेल्या, आणि त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं.

केतकीला आयुष्यात कधी अनोळखी माणसांशी बोलणं जमलं नव्हतं. तिने आईच्या मोबाइलवर तो ग्रुप उघडला. आणि नेहमी अनुस्वार शोधणाऱ्या त्या मुलीने एकही अनुस्वार न देता लिहिलं, "धाकलूमामा होडी घेऊन गेलेत. आठ बाया आहेत. त्याना निरोप मिळाला नाही. मीच त्याच नेट बद केल. मी आक्काची मुलगी. काय करू"

मग एक उत्तर आलं. मग दुसरं. तिने न पाहिलेल्या गावांचे, न पाहिलेले नावाडी.

"कधी निघाला?"

"सवाआठ," तिने लिहिलं.

"मग बुडक्या चिंचेच्या अलीकडे असेल. रडत बसू नको. फोन लावत राहा. चिंचेपाशी रेंज येते."

"त्याला म्हणावं पैलतीर सोड. चिंचेच्या उजव्या हाताला टेकाड आहे, त्याच्या आडोशाला होडी घाल. वारा जाईस्तोवर तिथेच थांब."

"आम्ही पण लावतोय. तू पण लाव. थांबू नको पोरी."

बुडकी चिंच म्हणजे धरणात बुडालेल्या जुन्या झाडाचा शेंडा. खिडकीतून तो एका ठिपक्यासारखा दिसायचा. चणा अजून त्या ठिपक्याला पोचला नव्हता. चिंच मागे पडली की पुढे उघडं पाणी, आणि तिथे ना रेंज, ना आडोसा. म्हणजे त्याला सांगायची जागा एकच होती, आणि तीही दोन-चार मिनिटांची.

आठव्यांदा. ती बाई. नवव्यांदा. ती बाई.

वारा आता खोलीत शिरला होता. मुद्रितांचे कागद उडाले, नवा पासवर्ड लिहिलेला तो कागदही उडाला आणि जिन्याकडे कुठेतरी गेला. केतकीने तिकडे पाहिलंही नाही. एका हाताने तिने फोन तांब्यावर दाबून धरला होता, वाऱ्याने हलू नये म्हणून. दुसऱ्या हाताने ती पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होती. खाली भिंतीशी, जिथे रोज एक माणूस मान खाली घालून उभा राहायचा, तिथे आता पाणी आपटायला लागलं होतं.

मघाशी त्याने दोनदा हाक मारली होती. ती इथेच बसली होती, याच कट्ट्याखाली, याच गुडघ्यांवर. तेव्हा फक्त "काय मामा?" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द.

बाराव्यांदा. नुसती खरखर, मग ती बाई. तेराव्यांदा ती बाईसुद्धा नाही. चण्याचा आणि ठिपक्याचा आता एकच डाग दिसत होता.

चौदाव्यांदा लावला. शांतता.

मग रिंग वाजली.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. उचल ना मामा. मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल. खिशात असेल. दोन्ही हात सुकाणूवर असतील. चौथ्यांदा. पाचव्यांदा. आता तो मलाही असंच वाजू देईल का, कंटाळून मी ठेवेपर्यंत? सहावी रिंग अर्ध्यातच तुटली आणि पलीकडून वाऱ्याचा मोठा लोट कानात आला, बायकांचा गलका आला, त्यात आईचा आवाज, "धरा गं एकमेकींना!", आणि या सगळ्याच्या वर एक फाटलेला, पण शांत आवाज.

"कोण, केतकी का? बोल पोरी, बोल, ऐकतोय. मघाशी हाक मारली होती गं तुला. घरात नव्हतीस वाटतं?"

तात्पर्य: ओळखीचं नाही म्हणून घाबरून दार लावून घेऊ नये, आधी "कोण आहे?" असं विचारावं आणि कुणी हाक मारली तर ओ द्यावी. न विचारता लावलेलं दार चोराच्या तोंडावर क्वचितच बसतं, आपल्या माणसाच्या तोंडावर मात्र नेमकं बसतं.